जिताड्याचं तळं आणि तिवरांचा दाखला

आमच्याकडे रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात, कुणी विकायला म्हणून जिताडा मासा पाळायचं ठरवलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. बियाणं कुठून आणणार, आणि चोरी झाली तर काय करणार. मला आता कुणी सल्ला विचारला तर मी आधी विचारते, तुझ्या जमिनीच्या गटात तिवर, म्हणजे कांदळवनाचं झाड, आहे का? नसेल, तर ‘नाही’ असं लिहून देणारा माणूस कधी भेटणार आहे?

जमीन माहेरची. हक्कसोडपत्रावर सही केली नाही म्हणून ती माझ्या नावावर राहिली, एवढं सांगून तो विषय संपवते. उधाणात बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि नंतर भात नावापुरताच पिकायला लागला. शेतातल्या तळ्यात चार जिताडे सोडायची पद्धत इथे जुनीच आहे, पण ती घरच्या ताटापुरती आणि पावण्यांपुरती. मला धंदा करायचा होता. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे. त्यामुळे अर्ज कुणाच्या नावाने करायचा यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही.

निमखाऱ्या पाण्यातली मत्स्यशेती म्हटली की कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर ऑथॉरिटीची नोंदणी लागते. ही किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीवर देखरेख करणारी केंद्राची संस्था चेन्नईला असली तरी चेन्नईला जावं लागत नाही. अर्ज जिल्ह्यातच मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत जातो आणि 2 हेक्टरपर्यंतचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती बघते. सातबारा, आठ-अ, पाण्या-मातीची तपासणी, तळ्याचा आराखडा, सगळं सुरळीत झालं. फॉर्म तर तिथल्या एका मॅडमनी शेजारी बसवून भरून घेतला.

आणि मग ते एक पत्र. तळ्याच्या जागेत कांदळवन नाही, असं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, अजून तिथे कामं पडायची आहेत.

पत्र का लागतं ते मला पटतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच तिवरांची तोड थांबवली, त्यांच्या भोवती 50 मीटरच्या आत बांधकाम नको म्हणून सांगितलं आणि 2018 च्या निकालात ते कायम केलं. जमीन खासगी असली तरी सुटका नाही. माझ्या शेजारच्या काकांच्या गटात खांडीनंतर खरोखरच तिवर रुजलं. सातबाऱ्यावर भात, जमिनीवर तिवर. त्यांना भातही लावता येत नाही आणि तळंही खणता येत नाही. म्हणून मी माझ्या तळ्याची हद्दच त्यांच्या तिवरापासून 50 मीटर सोडून आखून घेतली होती. इतकं करूनही अडले.

त्या कार्यालयातल्या कारकुनांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, उपग्रहाच्या नकाशाची प्रिंट काढली आणि दक्षिणेकडच्या बांधावर पेनाचं टोपण ठेवलं.

‘‘हे हिरवं काय आहे ताई?’’

‘‘करंज. बांध धरून राहावा म्हणून आजोबांनी लावलेली.’’

‘‘नकाशात करंज काय नि तिवर काय, सगळं हिरवंच दिसतं.’’

‘‘मग येऊन बघा.’’

‘‘पाहणीला मोजणीची क-प्रत लागते.’’

मोजणीचे पैसे भरले, नंबर लागायची वाट पाहिली, क-प्रत म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा आणला. तर पाहणी साहेब करणार आणि साहेबांकडे दुसऱ्या तालुक्याचा अतिरिक्त कार्यभार. ते इथे असले की फाईल सापडत नाही. फाईल सापडली की साहेब तिकडे. मधल्या काळात भाऊसाहेब बदलले आणि नव्या भाऊसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘तुमचे मिस्टर नाही आले?’’ म्हटलं, जमीन माझी, अर्ज माझा, मिस्टर कशाला हवेत? हे बोलल्याने काम एका इंचानेही पुढे सरकलं नाही, पण बरं वाटलं.

एकदा पाहणीचा दिवस ठरला. नेमकी अमावास्येची गाठ. उधाणाचं पाणी बांधाच्या वाटेवर आलेलं, आणि गाडी निम्म्या रस्त्यातून मागे गेली. फोन आला, ‘‘ताई, पाणी आहे.’’ अहो, खाडीकाठी पाणी असणारच! घरातल्या पंचांगात बघितलं असतं तरी कळलं असतं. हे लिहून ठेवा: पाहणीची तारीख मागताना अष्टमीच्या आसपासची, भांगाची मागा. भांगाला भरती कमी चढते, वाट कोरडी राहते आणि साहेबांना कारण उरत नाही. मी पुढचं पत्र तसंच दिलं, ओहोटीच्या वेळेसकट.

पत्र आवकमध्ये नोंदलं गेलं आणि तिथेच बसलं. ‘‘साहेबांच्या टेबलावर आहे’’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की त्या टेबलाची लांबी-रुंदी मोजावी असं वाटायला लागलं.

शेवटी माहितीचा अधिकार टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक पान कागद. तक्रारीचा एक शब्द लिहिला नाही, मुद्दाम. फक्त विचारलं, माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणती कार्यवाही झाली ते दिनांकनिहाय द्यावं, प्रत्येक टप्प्यावर फाईल कुणाकडे होती त्या अधिकाऱ्याचं पदनाम द्यावं आणि टिपणीच्या प्रती द्याव्यात. उत्तराला कायद्याने 30 दिवस मिळतात. उत्तर यायच्या आधी फोन आला, उद्या पाहणीला येतोय.

आले. साहेब तरुण होते, बूट काढून पॅन्ट वर दुमडून बांधावरून चालले. खाली वाकून चिखल बघितला. तिवर असतं तर मुळांची टोकं वर आलेली दिसली असती, तिथे खेकड्यांच्या बिळांशिवाय काही नव्हतं. मग त्यांनी फांदी वाकवून करंजाची एक चपटी शेंग तोडली, बोटात फिरवली आणि मागे बघून म्हणाले, ‘‘करंज आहे. लिहा.’’

इतक्यासाठी!

त्यानंतर समितीत प्रकरण अडलं नाही. तळं खणताना तर पोकलेनवाल्याने पावसाच्या आत काम उरकून दिलं.

गावातले काही म्हणत होते, कशाला नोंदणी, गुपचूप खण. कोस्टल ऑथॉरिटीच्या 2005 च्या मूळ कायद्यात विनानोंदणी तळ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या दुरुस्तीने कैद गेली, दंड राहिला. पण दंडाचं सोडा, नोंदणी नसेल तर अनुदानाच्या दारात कुणी उभं करत नाही. तीच नोंदणी 5 वर्षांची असते, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बियाण्याचं राहिलंच. खाडीतली पिल्लं गोळा करण्यापेक्षा हॅचरीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घ्या. चेन्नईच्या सिबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचं बीज तयार करून दाखवलं, आता तमिळनाडूतून मागवता येतं. पण नोंदणी हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, बोटुकली सरकारी टेबलावर थांबत नाही. आणि लहान-मोठी वेळच्या वेळी वेगळी करा, नाहीतर मोठा जिताडा धाकट्याला गिळतो आणि हिशेब जुळत नाही.

विजेचं म्हणाल तर एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय. एरेटरच्या, म्हणजे तळ्याच्या पाण्यात हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या, मीटरसाठी अर्ज करताना त्या निर्णयाची प्रत सोबत जोडा, काउंटरवरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही.

आणि हो, बांधावरच्या झाडांचे जवळून फोटो काढून ठेवा, पान, फूल, शेंग सगळं दिसेल असे, आणि पहिल्याच अर्जाला लावा. माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाची झेरॉक्स तिघं-चौघं घेऊन गेलेत. आणखी कुणाला हवी तर खुशाल या. मजकूर तसाच उतरवा, आवक क्रमांक तेवढा स्वतःचा घाला.