तुम्ही विचारलंत म्हणून : टोळ की नाकतोडा?

पावसाळा लागला की फोटो यायला लागतात. खाली प्रश्न ठरलेला : "सर, हा टोळ की नाकतोडा? मारायचा का?" मी एका ओळीत उत्तर देत नाही, याचा कित्येकांना राग येतो. एका ओळीत दिलं होतं एकदा.

मे २०२०. अमरावती जिल्ह्यात टोळधाड उतरली तो आठवडा. वरूडजवळ काकांची संत्र्याची बाग, आंबिया बहाराची कोवळी फळं झाडावर. दिवेलागणीला काकांचा फोन आला. "बापू, धुऱ्यावर टोळ बसले. फवारा मारू का?" पाठोपाठ हललेला, अंधारातला फोटो. रुईचं झुडूप ओळखू येत होतं, त्यावर काहीतरी पिवळं. लॉकडाऊनमुळे मी शहरात अडकलेला. म्हणालो, "मारा."

सकाळी उजेडातला फोटो आला. रुईखाली पडलेले ते रंगीत नाकतोडे होते. पिवळ्या अंगावर निळसर पट्टे, हिरव्या पंखांवर पिवळे ठिपके. त्यांत बिनपंखांची पिल्लंही होती. लहानपणी याच धुऱ्यावर अशाच एका पिल्लाला मी बोट लावलं होतं आणि त्यानं पाठीतून बारीक पिचकारी उडवली होती. हात धुतला तरी मी दिवसभर तो हुंगत बसलो होतो. रुईचा विषारी चीक पचवून तेच विष अंगात साठवणारा हा जीव. त्याचं मुख्य खाणं रुई. त्या वर्षी आलेले टोळ गुलाबी होते, आणि ते झाडंच्या झाडं भरून टाकतात, एका रुईवर थांबत नाहीत. हे सगळं मला ठाऊक होतं. रुई दिसली तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"एवढ्याशा किड्याचं काय घेऊन बसलात?" असं विचारू नका. बागेची चिंता मलाही होती. एक चौरस किलोमीटरची टोळधाड एका दिवसात साधारण ३५,००० माणसांचं अन्न फस्त करते. त्या रात्री खरे टोळ असते आणि मी "थांबा" म्हणालो असतो, तर काकांना तोंड कसं दाखवलं असतं?

शाळेत मुलांना मी छातीठोकपणे सांगायचो, टोळ वेगळा, नाकतोडा वेगळा. तेही अर्धवटच होतं. टोळ हा नाकतोडाच आहे. एकटा असताना तो इतरांना टाळून राहतो. दाटी झाली, मागच्या पायांना सारखा दुसऱ्यांचा स्पर्श होऊ लागला, की शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि काही तासांत तो घोळक्याकडे ओढला जातो. पुढे रंगही बदलतो. दोन वेगळ्या जाती समजले जाणारे टोळ मुळात एकच असतात, हे कीटकशास्त्रज्ञ उवारोव यांनी १९२१ मध्ये मांडलं. पण प्रत्येक नाकतोड्यात हा बदल होत नाही, मोजक्याच जातींत होतो. मग फोटो बघून "मारा" किंवा "सोडा" कुठल्या तोंडानं सांगू?

काका अजून फोन करतात. मी म्हणतो, "थांबा, उजेडात बघू." ते म्हणतात, "अन् रातच्याला बाग गेली तं?" यावर मी अजून काही बोलू शकलेलो नाही.