नमस्कार, शेण आणि तालुक्याची कामे

गेल्या रविवारी आईबरोबर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. लावलेल्या स्कूटरींच्या मधल्या वीतभर जागेत पन्नाशीच्या एका गृहस्थांनी "बाई, ओळखलंत का?" असे विचारून आईला वाकून नमस्कार केला. महापालिकेच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या आईने त्यांचे नाव तर सांगितलेच, ते कोणत्या बाकावर बसत हेही सांगितले. निघताना ते हसत म्हणाले, "तुम्हा शिक्षकांचं बरं असतं बाई, सुट्ट्याच सुट्ट्या."

नमस्कार आणि टोमणा असे एकाच तोंडून येतात, हे आपल्या कथा-नाटकांत क्वचितच दिसते. तिथे शिक्षकाला एक तर मखरात बसवतात, नाही तर पिंजऱ्यात उभे करतात. 'पिंजरा' (1972) या चित्रपटाने दोन्ही एकदमच केले. त्यात गुरुजींचा खून झाला अशा समजुतीने गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि जिवंत गुरुजी त्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधील लीला बेणारे ही शाळेत जीव ओतून शिकवणारी बाई. पण खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात तिच्या शिकवण्याला कवडीची किंमत उरत नाही, चर्चा होते ती फक्त तिच्या चारित्र्याची, आणि तीही स्वतः कशातच धड यश न मिळालेल्या माणसांच्या तोंडून.

हे अतिरंजित वाटत असेल, तर त्या चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर भिडेवाड्याची जागा आहे. 1848 मध्ये तिथे मुलींना शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर याच शहराने शेण फेकले, आणि 2014 मध्ये याच शहरातल्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले.

तरीही मला सर्वांत खरी वाटते ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी (1955). तिथला कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो तेव्हा त्याला कोणी हार घालत नाही आणि दगडही मारत नाही. मुळात शाळेचीच कोणाला गरज वाटत नाही. कारभाऱ्याने मनावर घेतल्यावर पोरे येऊ लागतात, आणि मग हळूहळू सारी वस्ती आपली बारीकसारीक कामे, अगदी तालुक्याच्या गावची सुद्धा, मास्तरच्या गळ्यात घालते. तो विश्वास खरा असतो; पण एका गैरसमजाने कारभारी अबोला धरतो, तेव्हा तो किती पातळ होता हेही कळते. शिक्षकाला लोक कामाला जुंपतात आणि त्यातच त्याला आपला मानतात, ही गुंतागुंत माडगूळकरांनी कुठेही आवाज न चढवता लिहिली आहे. (माझ्या मते मराठीत ती इतक्या नेमकेपणाने पुन्हा कोणी लिहिलेली नाही.)

घरी आल्यावर आईला मी त्यातली चार पाने वाचून दाखवली. जनगणनेच्या कामाला ती दारोदार हिंडायची, तेव्हा कित्येक घरांत साखळी न काढता फटीतूनच उत्तरे मिळत. तालुक्याच्या कामांचा उल्लेख येताच तिने हात वर करून मला थांबवले आणि विचारले, "त्याला निदान बसायला घोंगडं तरी टाकत होते ना?"