तुम्ही विचारलंत म्हणून : स्वस्तातली रायफल कोणती घ्यावी?

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या किमान चार जणांनी मला तोच प्रश्न विचारला. कोल्हापूरला नेमबाजीचे अप्रूप आधीपासूनच आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली तेव्हाही असेच झाले होते. मी स्पर्धेतली नेमबाज नव्हे. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू-टू रायफलने पोटावर झोपून झाडलेल्या मोजक्या गोळ्या, आणि शाळेतली नोकरी संपल्यानंतर परसदारी दहा मीटरवर कागद लावून जोपासलेला छंद, एवढेच माझे भांडवल. तरीही प्रश्न माझ्याकडेच येतो, आणि तो साधारण असा असतो : "बाई, पदकबिदक काही नको, रविवारी तासभर नेम धरायचा आहे, फार खर्च न करता कोणती रायफल घ्यावी?"

आधी पॉइंट टू-टूचा विषय संपवते. स्वप्नीलच्या हातात होती ती या जातीची, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाची, काडतुसाची रायफल. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार तिला परवाना लागतो, आणि काडतुसांचा हिशेबही ठेवावा लागतो. रविवारच्या एका तासासाठी हे सव्यापसव्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छंदापुरती विचारणा असेल तर उत्तर एकच : ४.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हनची एअर रायफल. छर्‍याचा व्यास एवढाच असेल आणि नळीच्या तोंडाशी त्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागेल, ती द्यावी, आणि पावती जपून ठेवावी.

या २० ज्यूलच्या आकड्याशी थोडे थांबायला हवे, कारण स्वस्त रायफल घेताना माणूस नेमका इथेच फसतो. मीही फसले होते. निवृत्तीनंतर पहिली रायफल घ्यायला मी दुसर्‍या एका शहरातल्या दुकानात गेले, तेव्हा विक्रेत्याने खोक्यावर छापलेला आकडा बोटाने दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, सेकंदाला हजार फूट वेग आहे, यापुढे काही नाही." मी आयुष्यभर गणित शिकवले, पण त्या क्षणी हिशेब केला नाही, घरी आल्यावर केला. शिशाचा नेहमीचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. तो खरोखर हजार फुटांच्या, म्हणजे ३०५ मीटरच्या वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा साडेचोवीस ज्यूलच्या वर जाते. म्हणजे एक तर ती रायफल कायद्याच्या मर्यादेबाहेरची, किंवा तो आकडा पिसासारख्या हलक्या, बिनशिशाच्या छर्‍याने मिळवलेला. माझ्या बाबतीत दुसरा प्रकार होता. याच्या उलट, ऑलिंपिकमधल्या दहा मीटरच्या रायफलींचा छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने जातो, आणि त्याची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास भरते. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राने शेवटच्या फैरीला १०.८ गुण मिळवले, ते अशाच मंद छर्‍याने. जगातली सर्वांत अचूक एअर रायफल जर इतकी सावकाश चालत असेल, तर कागदावर भोक पाडण्यासाठी आपल्याला हजार फुटांची गरज काय?

वेगाचा हव्यास नुसता निरुपयोगी असता तरी चालले असते. पण स्प्रिंगच्या रायफलीत तो नेम बिघडवतो. स्वस्त रायफली बहुतेक सगळ्या स्प्रिंगच्याच. नळी सांध्यात मोडून, म्हणजे बिजागरीसारखी वाकवून, खाली ओढली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि ती छर्‍याला ढकलते. दट्ट्या पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि दट्ट्या टोकाला आदळला की तीच रायफल उलट पुढे जाते. हे दोन्ही हिसके बसतात तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. स्प्रिंग जितकी दांडगी तितका हिसका मोठा, आणि आपल्या धरण्यातला बारीकसा फरक तितका कागदावर मोठा होऊन उमटतो. काडतुसाच्या बंदुकीला हा दुहेरी हिसका नसतो. म्हणून तिच्यासाठी केलेल्या चांगल्या चांगल्या दुर्बिणीही स्प्रिंगच्या रायफलीवर बसवल्या की आतून निखळतात. माझ्या हजार फुटी रायफलीसोबत एक दुर्बीण फुकट आली होती. तिसर्‍या आठवड्यात तिच्यातली अधिकाची खूण तिरपी झाली, आणि मी बरेच दिवस स्वतःच्या डोळ्यांना दोष देत राहिले. ती रायफल नंतर भाच्याने नेली.

तेव्हा पहिला सल्ला असा, की दुकानात दोन रायफली समोर ठेवल्या असतील तर मंद असेल ती उचलावी. दुसरा सल्ला चापाविषयी, आणि माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा. स्वस्त रायफलीचा चाप ओढायला कित्येकदा दोन-अडीच किलोचा जोर लागतो. पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली तर्जनीच्या एका पेरावर लटकवून पाहा, म्हणजे अंदाज येईल. आणि जिच्यावर हा जोर लावायचा ती रायफल स्वतः तीन किलोची असते. इतक्या ओढीने नळी हलणार नाही तर काय होईल? चांगला चाप दोन टप्प्यांत चालतो : आधी थोडी सैल ओढ, मग बोटाला जाणवणारी एक भिंत, आणि त्या भिंतीवर थोडासाच जोर वाढवला की कसलाही घसरा न जाणवता सुटणारी फैर. दुकानदाराला विचारून, नळीत छर्रा घालून आणि दुकानात त्याची सोय असेल तरच, दोन-चार फैरी झाडून पाहाव्यात. छर्‍याशिवाय मात्र चाप कधी ओढू नये, कारण समोर दाबायला काही नसले की दट्ट्या सरळ धातूवर आपटतो आणि स्प्रिंगचे व वॉशरचे आयुष्य कमी होते.

माप पाहणेही याच वेळी उरकावे. दस्त्याचे, म्हणजे खांद्याला टेकणार्‍या मागच्या भागाचे, टोक कोपराच्या खोबणीत टेकवून हात उभा धरावा. तर्जनी चापापर्यंत सहज पोचत असेल तर दस्ता आपल्या मापाचा आहे. बहुतेक रायफली पुरुषांच्या मापाने केलेल्या असतात. मी माझ्या रायफलीचा दस्ता ओळखीच्या सुताराकडून बोटभर कापून घेतला आणि त्यावर जुन्या चपलेचे रबर ठोकले. दिसते गबाळे, पण मान अवघडत नाही. नळी मोडायला लागणारा जोरही अजमावावा. तासाभरात साठ फैरी झाडायच्या तर साठ वेळा ती मोडावी लागते, आणि दुकानात एकदा सोपी वाटलेली नळी चाळिसाव्या वेळेला हाडाचे पाणी करते. नळी मोडलेली असताना तिच्यावरचा डावा हात छर्रा घालून होईपर्यंत सोडायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी; अडकवण निसटली तर नळी उसळून येते आणि बोटे वाचत नाहीत.

पैशांचे बोलायचे तर पाच ते पंधरा हजारांच्या दरम्यान भारतीय बनावटीची कामापुरती स्प्रिंग रायफल मिळते. एके काळी सिमेंटचे पाइप करणार्‍या इंडियन ह्यूम पाइपच्याही एअर रायफली निघत असत आणि जुन्या घरांतून त्या अजून सापडतात. आता प्रेसिहोलसारखे नवे कारखानदार आले आहेत आणि नळ्यांचा दर्जा माझ्या कॉलेजच्या दिवसांपेक्षा कितीतरी सुधारला आहे. टाकीत आधीच हवा भरून ठेवायच्या रायफली, ज्यांना पीसीपी म्हणतात, त्यांना हिसका जवळजवळ नसतो आणि त्या फार सुरेख चालतात. पण त्यांच्या मागे पंप येतो, वॉशर येतात, आणि किंमत तिपटी-चौपटीने वाढते. वर्षभर स्प्रिंगवर हात बसला आणि तरीही ओढ राहिली, तर त्यांचा विचार करावा. ज्यांची किंमत लाखांत जाते त्या परदेशी स्पर्धा-रायफली या लेखाचा विषय नाहीत.

हाताशी दहा हजार असतील तर मी सात-आठची रायफल घेईन आणि उरलेल्याचे छर्रे. लोकांना हे पटत नाही, पण छर्‍यांनी पडणारा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. दहा मीटरसाठी सपाट तोंडाचा छर्रा घ्यावा. तो कागदात पंचिंग मशीनसारखे गोल भोक पाडतो, टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण कुठला हेच कळत नाही. मग दोन-तीन निरनिराळ्या डब्या आणून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, प्रत्येकातले पाच-पाच छर्रे एकाच ठिकाणी नेम धरून झाडावेत. माझ्या सध्याच्या रायफलीत सर्वांत महाग छर्‍याची पाच भोके चहाच्या बशीएवढी पसरली, आणि मधल्या किमतीच्या एका डबीतली पाचही दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि ती झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय स्वस्त डब्यांत काही छर्‍यांचा मागचा घेर चेपलेला असतो. मी रात्री टीव्हीसमोर परातीत छर्रे ओतून तांदूळ निवडावेत तसे निवडते. परात त्यासाठी वेगळी ठेवलेली आहे, आणि नंतर हात साबणाने धुते, कारण शिसे पोटात जाऊ देण्यासारखी वस्तू नाही.

दुर्बीण सुरुवातीला नकोच. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, आणि मागची खाच यांनी शिकावे. जमल्यास मागे पीप साइट, म्हणजे बारीक छिद्राची चकती, बसवून घ्यावी. माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या डोळ्यांना ती वरदान आहे, कारण छिद्रातून पाहिले की माशी आणि लक्ष्य दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसतात. दहा मीटरच्या अधिकृत कार्डावर काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या पोटातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. रायफल घट्ट आवळायची नाही, हेही इथेच सांगते. डावा पंजा उघडा ठेवून त्यावर ती नुसती विसावू द्यावी, आणि तिला हवा तसा हिसका घेऊ द्यावा. आवळलेली स्प्रिंग रायफल दर वेळी वेगळ्या जागी मारते. जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर आपण बंदूक छातीशी कवटाळतो, माशी मुळातच वाकडी असते, आणि तरी फुगा फुटतो, त्यामुळे आपल्याला वाटते की नेम असाच धरायचा असतो.

जागेविषयी विचारणारे कमी असतात, म्हणून न विचारता सांगते. दहा मीटरची रायफल असली तरी छर्रा मोकळ्यावर दोनशे मीटर सहज जातो आणि डोळा फोडू शकतो. माझ्या परसात लक्ष्यामागे जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरलेली लाकडी पेटी आहे, तिच्यामागे दगडी भिंत आहे, आणि मधल्या दाराला आतून कडी असते. लोखंडी पत्रा मागे लावू नये, छर्रा उलटून येतो. गच्चीवर तर हा खेळ मुळीच नको. पक्ष्यांवर नेम धरण्याबद्दल विचारणार्‍याला मी चहाही देत नाही; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी माझे उत्तर तेच राहिले असते. घरी अशी जागा नसेल तर कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजसारख्या ठिकाणी किंवा आपल्या गावातल्या रायफल क्लबात जावे. खरे तर जागा असली तरी आधी महिनाभर तिथेच जाऊन क्लबच्या रायफलीवर हात चालवावा. निम्म्या लोकांची हौस तेवढ्यातच फिटते आणि त्यांचे दहा हजार वाचतात.

राहता राहिला वापरलेल्या रायफलीचा प्रश्न, जो गेल्याच आठवड्यात शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारला. क्लबांतून कधीकधी फाइनवर्कबाऊ ३०० ही जुनी जर्मन स्पर्धा-रायफल विकायला निघते. तिची नळी आणि यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवर मागे सरकते आणि हिसका खांद्यापर्यंत येतच नाही. अशी एखादी चालू स्थितीत आणि परवडेल त्या भावात मिळाली तर नव्या स्वस्त रायफलीपेक्षा ती शंभर पटींनी बरी, मात्र आतले वॉशर झिजलेले असतात आणि ते बदलून देणारा मिस्त्री आधी शोधून ठेवावा लागतो. पोस्टमास्तरांनी आणली होती ती साधी नळी मोडायची रायफल होती. मी दस्त्याचे स्क्रू आवळले, नळी बंद करून आडवी हलवून पाहिली, ती हलली नाही. मग टिश्यू पेपरची बोटभर पट्टी फाडून नळी जिथे मोडते त्या सांध्यावर ठेवली आणि चिंध्यांच्या पेटीत एक छर्रा झाडला. पट्टी उडून तुळशीवृंदावनापाशी जाऊन पडली, म्हणजे सांध्यातून हवा निसटत होती. सांध्यातला वॉशर तेवढा नवा घाला आणि विकणार्‍याकडून पाचशे रुपये कमी करून घ्या, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी तीनशे कमी करून घेतले.