वीर्याचा रिपोर्ट वाचताना तीन महिने मागे जा

रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी आले की माणूस गेल्या आठवड्यात काय चुकलं ते शोधत बसतो. तिथे काही सापडत नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढे अधिवृषणात, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या नळीच्या गुंडाळ्यात, पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी दोनेक आठवडे. त्यामुळे आजचा नमुना गेल्या तीन महिन्यांचा हिशेब सांगतो.

वृषणांना शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सियस कमी तापमान लागतं, म्हणून ती पोटाबाहेर पिशवीत असतात. आत जाणाऱ्या गरम रक्ताची उष्णता भोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून परतणारं थंड रक्त काढून घेतं. उन्हाळ्यात पिशवी सैल पडते, थंडीत आखडते. ही व्यवस्था कमी पडली की सर्वात आधी विभाजन चालू असलेल्या पेशी मरतात. संख्या घटते, हालचाल मंदावते, डीएनएचे तुकडे होण्याचं प्रमाण वाढतं. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी मात्र उष्णता बऱ्यापैकी सोसतात. त्यामुळे इच्छा, ताठरता सगळं ठीक असतं आणि पुरुषाला शंकाही येत नाही.

रिपोर्ट बिघडल्यावर पहिला प्रश्न तापाचा विचारावा. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड किंवा नुसता ३९ अंशांचा ताप काही दिवस राहिला, तर पुढचे दोन-तीन महिने आकडे घसरलेले दिसू शकतात. अशा वेळी औषधं सुरू करण्याची घाई करू नये. ताप उतरल्यापासून तीन महिने थांबून पुन्हा तपासावं.

मग काम आणि सवयी. फाउंड्री, बेकरीची भट्टी, वीटभट्टी, ट्रकची तासन्‌तास ड्रायव्हिंग ही नेहमीची उदाहरणं. लॅपटॉपची बदनामी मात्र अर्धीच खरी आहे. २००५ मध्ये २९ पुरुषांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवलं, तेव्हा पिशवीचं तापमान पावणेतीन अंशांच्या आसपास वाढलं. पण लॅपटॉपशिवाय नुसत्या मांड्या जुळवून बसल्यावरही ते दोन अंशांनी वाढलं होतं! म्हणजे खरा गुन्हेगार बैठक. टेबल वापरा, पाय मोकळे ठेवा, तासाभरात एकदा उठा.

बादलीभर गरम पाण्याच्या आंघोळीची काळजी नको. गरम पाण्याच्या टबात अर्धा तास बसणं आणि सौना, म्हणजे तापवलेल्या बंद खोलीत घाम काढत बसणं, टाळा. इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात १० पुरुषांनी तीन महिने आठवड्यातून दोनदा, १५ मिनिटं, ८० ते ९० अंशांचा सौना घेतला. संख्या आणि हालचाल दोन्ही घसरलं, आणि सौना बंद केल्यावर सहा महिन्यांत भरून आलं. अंतर्वस्त्र सैल, सुती घाला. बर्फ लावू नका, त्वचा भाजते. आणि हो, उष्णतेने संख्या घटते म्हणून तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका.

सवयी बदलूनही फरक पडला नाही तर व्हेरिकोसील, म्हणजे पिशवीतल्या फुगलेल्या शिरा, पाहाव्यात. बहुधा डाव्या बाजूला, उभं राहिल्यावर हाताला लागतात. मूत्ररोगतज्ज्ञ हाताने तपासून सांगतात, गरज पडल्यास सोनोग्राफी करतात.

पुन्हा तपासताना नमुना नीट द्या, नाहीतर तीन महिने वाया. त्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळा. साबण, तेल, साधा कंडोम नको. सुरुवातीचे थेंब सांडले तर लॅबला सांगा, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. घरून नेत असाल तर डबी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा आणि तासाभरात पोचवा. बाहेर पडलेल्या शुक्राणूंना गारठा चालत नाही, ही यातली गंमत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा प्रति मिली १६ मिलियन (१ कोटी ६० लाख) शुक्राणू आणि एकूण हालचाल, म्हणजे हलणारे शुक्राणू, ४२ टक्के अशी आहे. काही लॅब अजून जुना १५ मिलियनचा आकडा छापतात. संख्या शून्य आली असेल तर तीन महिने थांबू नका, सरळ मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा.