पीए झाले, पण तो फॉर्म मात्र अर्धवट ठेवला होता

मी मूळची सांगलीची, बी.फार्म. करून लग्नानंतर न्यू जर्सीला आले. इथं पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, व्हायचं ठरवलं तेव्हा आईला फोनवर आधी हेच समजवावं लागलं की अगं हे डॉक्टरच्या फायली धरायचं काम नाही, पीए पेशंट तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, फक्त डॉक्टरांच्या टीममध्ये राहून.

रस्ता लांबचा होता. आपल्याकडच्या मार्कशीट इथल्या पद्धतीत मोजून घ्या, राहिलेले सायन्सचे विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये करा, मेडिकल असिस्टंट म्हणून पेशंटसोबतचे तास भरा, मग पीए कोर्सच्या प्रवेशासाठी असलेल्या कॅस्पा या कॉमन अर्जावर सगळं चढवा. बाहेरच्या देशातली डिग्री कितीही मोठी असली तरी इथल्या मान्यताप्राप्त प्रोग्रामशिवाय सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसताच येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. मग सव्वादोन वर्षं कोर्स आणि शेवटी पॅन्स, म्हणजे तीच सर्टिफिकेशनची परीक्षा, ३०० प्रश्न, ६०-६० चे पाच ब्लॉक. पास झाले तेव्हा पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

त्यानंतर एनसीसीपीए म्हणजे जी संस्था ही परीक्षा घेते, तिच्या पोर्टलवर एक प्रोफाइल भरायचं असतं, कुठे काम करता, कुठली स्पेशालिटी, वंश कुठला, पेशंटशी इंग्रजी सोडून कुठल्या भाषेत बोलता वगैरे. सक्ती नाही. मी नोकरीची माहिती भरली आणि वंशाचा प्रश्न सोडून दिला. खरं सांगायचं तर कुणीतरी जात विचारल्यासारखं वाटलं. भाषेचंही राहूनच गेलं.

मग एक दिवस आमच्या क्लिनिकमध्ये मुलीकडे राहायला आलेल्या एक आजी आल्या. मी दुसऱ्या रूममध्ये होते, आजींच्या रूममध्ये फोनवर हिंदी दुभाषी जोडून दिलेला. आजी परत परत म्हणतायत "डाव्या हातात कळ येतेय", आणि पलीकडचा माणूस "कळ" चं "कल" ऐकून सांगतोय की काहीतरी उद्याचं म्हणतायत. मी दारातून ऐकलं आणि आत धावले. विचारलं, आजी, कळ हातातच की छातीतून येते? म्हणाल्या, छातीतनंच गं बाळा, दोन दिवस झाले. लगेच ईसीजी काढला आणि तिथूनच ॲम्ब्युलन्सनं हॉस्पिटलला पाठवलं. वाचल्या.

मी मॅनेजरकडे मराठी दुभाष्याचं बोलायला गेले तर त्यांनी साधा प्रश्न केला, मराठी बोलणारे आपल्या राज्यात किती पीए आहेत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन एनसीसीपीएचे रिपोर्ट उघडले, रात्रीचा एक वाजला. २०२२ अखेर देशभरात १ लाख ६८ हजारांच्या वर पीए, त्यातल्या ७० टक्क्यांच्या आसपास बायका. १९६७ ला ड्यूक विद्यापीठातून पीएंची पहिली बॅच बाहेर पडली ती नेव्हीतल्या माजी कोअरमनची, म्हणजे तिथं वैद्यकीय मदतीचं काम केलेल्यांची, सगळे पुरुष, आणि पहिली बाई जॉयस निकोल्स, ती १९७० ला, कृष्णवर्णीय, आधी तिथंच नर्स होती! आणि आज इतक्या वर्षांनी कृष्णवर्णीय पीए जेमतेम ३-४ टक्के, गोरे मात्र ८० टक्क्यांच्या घरात. एशियन साधारण ६ टक्के, त्यात चिनी, फिलिपिनो, भारतीय सगळे एकाच खान्यात. हा सगळा आकडा आपण भरलेल्या उत्तरांतूनच बनतो, आणि माझी जागा तिथं मीच रिकामी ठेवली होती, ते फार लागलं मनाला.

त्याच रात्री लॉगिन केलं, वंशाचं भरलं, भाषेत मराठी आणि हिंदी दोन्ही नोंदवलं. नोकरी बदलली की ते अपडेट पण करायचं, विसरू नका. दुसऱ्या दिवशी माझ्या बॅचच्या दोन मराठी मुलींना फोन लावला, एकीनं तर बोलता बोलताच फॉर्म उघडला आणि म्हणाली थांब, फोन ठेवू नकोस, भाषेपर्यंत आलेय.