पहिलं वॉबलर इंजिन: कुठली हत्यारं घ्यायची, कुठली राहू द्यायची

मॉडेल इंजिनिअरिंगकडे, म्हणजे धातूची छोटी चालती इंजिनं घरी बनवण्याच्या छंदाकडे वळणारा माणूस आधी लेथच्या (धातू फिरवून कापायच्या यंत्राच्या) किमती बघतो. ड्रॉइंग नंतर शोधतो. हा क्रम उलटा हवा. ड्रॉइंग आधी ठरवा, त्यावरची मापं वाचा आणि जे माप ज्या हत्याराशिवाय निघणारच नाही, तेवढंच हत्यार घ्या. शंभर नगांचा सेट घेतला तर त्यातले नव्वद नग गंजतात आणि नेमका लागणारा ४.८ मिलिमीटरचा ड्रिल त्यात नसतो.

पहिल्या कामासाठी हवेवर किंवा वाफेवर चालणारं वॉबलर म्हणजे ऑसिलेटिंग इंजिन घ्यावं. यात सिलिंडरच एका पिनवर डुलतो आणि डुलता डुलता पोर्ट (हवेचं भोक) उघडतो-झाकतो, त्यामुळे वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. ब्रिटनमध्ये या छंदाची परंपरा जुनी आहे. तिकडे स्टुअर्ट १०व्ही या कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) किटचं नाव नेहमी निघतं. पाऊण इंच बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), पाऊण इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), सुरेख इंजिन. पण कास्टिंग बिघडलं तर दुसरं मागवावं लागतं. वॉबलरचा सिलिंडर बिघडला तर त्याच पितळी बारचा आणखी एक तुकडा कापायचा.

उदाहरणासाठी ही मापं धरू: बोअर १० मिमी, स्ट्रोक १६, म्हणजे क्रँकची (शाफ्टवरच्या चकतीची) पिन शाफ्टच्या मध्यापासून ८ मिमीवर. सिलिंडरचा पिव्हट (तो ज्यावर डुलतो ती पिन) शाफ्टपासून ४० मिमीवर. सिलिंडर १६ x १६ च्या चौकोनी पितळी बारचा, लांबी २८. शाफ्ट ५ मिमीचा, फ्रेम ६ मिमी जाड पितळी पट्टीची. सिलिंडरचं पोर्ट पिव्हटपासून १२ मिमीवर.

आता पोर्टचा ड्रिल किती मिमीचा? सिलिंडर जास्तीत जास्त डुलतो तेव्हा पोर्ट मध्यरेषेपासून १२ x ८ ÷ ४० = २.४ मिमी बाजूला जातं. फ्रेमवरची दोन भोकं याच जागी येणार, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. क्रँक डेड सेंटरला (पिस्टन धावेच्या टोकावर) असताना सिलिंडरचं पोर्ट दोन्ही भोकांच्या बरोबर मधे असतं आणि तेव्हा ते दोन्हींपासून तुटलेलं हवं. म्हणजे भोकाचा व्यास २.४ पेक्षा कमी पाहिजे. २ मिमीचा ड्रिल घेतला तर ०.४ मिमीची भिंत उरते. ‘जरा मोठं भोक, जास्त हवा’ म्हणून २.५ चा ड्रिल मारला की डेड सेंटरला हवा आत येते आणि तशीच बाहेर निघून जाते. इंजिन नुसतं फुसफुसतं. म्हणून २ मिमीचे ड्रिल चार घ्या. बारीक ड्रिल तुटतातच.

ही भोकं स्क्राइबरने (आखायच्या टोकदार सुईने) आखून मारली तर ०.४ ची भिंत नशिबावर सोडल्यासारखं होतं. त्यापेक्षा पट्टीचा जिग (भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा) करा. ८ मिमी रुंद, ३ मिमी जाड पट्टीवर एका रेषेत तीन भोकं मारायची: मधलं पिव्हटचं, एका बाजूला १२ मिमीवर २ मिमीचं, दुसऱ्या बाजूला ३९.२ मिमीवर क्रँकपिनच्या मापाचं. दुसरी छोटी पट्टी घेऊन तिच्यात ५ मिमीचं भोक आणि त्यापासून ८ मिमीवर पिनचं भोक. पहिली पट्टी फ्रेमला चिकटून पिव्हटवर, दुसरी शाफ्टवर, दोन्ही पिनेने जोडल्या की पट्टी आपोआप डुलण्याच्या टोकावर उभी राहते. तिथे २ मिमीच्या भोकातून ड्रिल मारा, पट्टी दुसऱ्या बाजूला टाकून पुन्हा मारा. क्रँक डिस्कमधलं पिनचं भोकही याच छोट्या पट्टीतून मारायचं. मग ८ च्या जागी ७.९ आलं तरी सगळीकडे तेच येतं आणि पोर्ट चुकत नाही.

ड्रॉइंगवर १० आणि ५ ही मापं चोख हवीत. ती नुसत्या ड्रिलने येत नाहीत, ड्रिल नेहमी थोडं मोठं आणि किंचित वाकडं भोक पाडतो. रीमर म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार: १० मिमी एच७ (अचूकतेचा दर्जा) रीमर आणि त्याआधी ९.८ चा ड्रिल, ५ मिमी रीमर आणि त्याआधी ४.८ चा ड्रिल. इथे काटकसर करू नका. रीमर मशीनवर हळू फिरवायचा, थोडं तेल घालायचं आणि उलटा कधीच फिरवायचा नाही, धार जाते. पिव्हटची पिन आणि पोर्ट हे दोन्ही रीमर फिरवण्याआधी करून घ्या. १६ च्या बारमध्ये १० चा बोअर म्हणजे भिंत फक्त ३ मिमी. पिनेचं टोक आत डोकावलं किंवा पोर्टची बर (काठाला राहिलेली धातूची कोर) राहिली तर पिस्टन अडकतो. रीमर हे दोन्ही साफ करून जातो.

टॅपमध्ये (भोकात आटे पाडायच्या हत्यारात) सुरुवातीला दोनच मापं पुरतात: एम३ (३ मिमीचा आटा, भोक २.५) आणि एम४ (भोक ३.३). एचएसएस (हायस्पीड स्टील), ग्राउंड थ्रेडचे (आटे ग्राइंड केलेले), तीन नगांच्या सेटमध्ये घ्या. मोठ्या डब्यात येणारे स्वस्त टॅप बहुधा कार्बन स्टीलचे असतात, आटे पाडण्यापेक्षा मोडण्यात पटाईत. एम३ मोडायची कारणं ठरलेली आहेत: टॅप तिरका गेला, बंद भोकात चुरा साचला किंवा हँडल फार लांब होतं. पितळेत भोक २.६ केलं तरी आटे पुरेसे धरतात आणि टॅपवरचा ताण कमी होतो. एवढं करूनही पितळेत मोडलाच तर किराणा दुकानातून तुरटी आणा. स्टेनलेसच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घालून पितळी भाग त्यात मंद आचेवर ठेवा. टॅपचं पोलाद हळूहळू खाल्लं जातं, पितळ तसंच राहतं. काही तास लागतात, एचएसएसला त्याहून जास्त. भागात लोखंडी पिन किंवा स्क्रू राहिला असेल तर तोही जाईल, आधी काढून घ्या.

ब्रिटिश ड्रॉइंगवर बीए (ब्रिटिश असोसिएशन) आटे दिसले की घाबरायचं कारण नाही. ६बीए म्हणजे २.८ मिमी, तिथे एम३ चालतो. ७बीए २.५ मिमीचा, तिथे एम२.५. २बीए ४.७ चा, तिथे एम५. फक्त स्क्रूच्या डोक्याला जागा पुरते का ते बघा.

पितळेत ड्रिल मारताना एक गोष्ट सांगितली जात नाही. साधा एचएसएस ड्रिल पितळेत स्वतःहून ओढला जातो, विशेषतः भोक आरपार होताना. काम हातातून निसटतं किंवा ड्रिल तुटतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: ड्रिलच्या दोन्ही कटिंग धारांची पुढची कड बारीक ऑइलस्टोनने उभी घासून सपाट करा, म्हणजे रेक (धारेच्या पुढच्या बाजूचा कल) शून्य होतो. असे ड्रिल वेगळ्या डब्यात ठेवा, पोलादावर ते नीट कापत नाहीत.

मापाच्या हत्यारांत १५० मिमीचा डिजिटल व्हर्निअर, ०–२५ चा मायक्रोमीटर, मॅग्नेटिक स्टँडवरचा ०.०१ चा डायल गेज आणि १०० मिमीचा गुण्या. पिस्टनला बोअरमध्ये साधारण ०.०२ ची फट हवी, म्हणजे पिस्टन ९.९८. हे व्हर्निअरने मोजता येत नाही, मायक्रोमीटरच लागतो. मायक्रोमीटर बरोबर आहे का, हे बघायला महागडे गेज ब्लॉक नकोत. ६०८ नंबरचं नवं बेअरिंग घ्या. त्याचा बाहेरचा व्यास २२ मिमी, रुंदी ७, आतलं भोक ८. चांगल्या कंपनीच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास २२.००० च्या खाली मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही जात नाही. गुण्या तपासायला एका सरळ काठाला लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन रेघा वर जाऊन फाकल्या तर तो परत करा.

लेथचं बोलू. साडेचार फुटी जुनी राजकोट-बटाला छापाची लेथ स्वस्तात मिळते, पण ती फ्लॅटमध्ये ठेवायची वस्तू नाही. या इंजिनाला टेबलवरची मिनी लेथ भरपूर आहे, आणि लेथ घ्यायची नसेल तर पिस्टन, डिस्क आणि फ्लायव्हील जवळच्या वर्कशॉपमधून जॉब वर्कवर करून घ्या. बाकीचं शेगडा (व्हाइस), कानस आणि बेंच ड्रिलवर होतं. लेथ घेतलीत तर तिच्याबरोबर चार स्वतंत्र जबड्यांचा चक (काम धरायची पकड) घ्याच. चौकोनी बार तीन जबड्यांच्या चकमध्ये धरता येत नाही. तीन जबड्यांचा चक ०.०८ ते ०.१ मिमी बाहेर फिरणं नेहमीचंच, म्हणून जे व्यास एकमेकांशी सेंटरला हवेत ते काम न काढता एकाच बैठकीत टर्न करायचे.

कार्बाइडच्या टोकांचे टूल सेट चमकतात, पण लहान लेथ तेवढी ताठ नसते. टोकाचा टवका उडतो आणि फिनिश खरखरीत येतो. ६ किंवा ८ मिमीचे एचएसएस टूल बिट घ्या, बेंच ग्राइंडरवर स्वतः धार लावायला शिका. पोलादासाठी वरचा रेक १०–१५ अंश, पितळेसाठी शून्य. टूलचं टोक सेंटरच्या उंचीवर आणायला पत्र्याच्या शिम (टूलखाली घालायच्या पातळ पट्ट्या) लागतात, डब्याचा पत्रा चालतो. वेगाचं गणित: आरपीएम = १००० x कटिंग स्पीड ÷ (३.१४ x व्यास). माइल्ड स्टीलला २५ मीटर प्रतिमिनिट धरा, २० मिमी व्यासाला सुमारे ४०० आरपीएम. पितळेला त्याच्या दुपटीहून जास्त चालतं.

कानशी तीन पुरेत: १० इंची बास्टर्ड (जाड दातांची), ६ इंची सेकंड कट (मध्यम), ६ इंची स्मूथ (बारीक), आणि नीडल फाइलचा एक सेट. रत्नागिरीत बनणाऱ्या जेके कानशी कुठेही मिळतात. नवी कानस आधी पितळेवर वापरा, महिनोनमहिने. तिथे ती घसरू लागली की पोलादाला द्या. उलट केलं तर पितळेवर ती पुन्हा धरत नाही. मूठ नसलेली कानस वापरू नका, शेपूट तळहातात घुसतं.

धातू घेताना मुंबईत गुलालवाडी, हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. दुकानदार वजनावर देतो, म्हणून हिशोब येऊ द्या. गोल पोलादी बारचं वजन किलो प्रतिमीटर = व्यासाचा वर्ग ÷ १६२. ५० मिमीचा बार १५.४ किलो प्रतिमीटर, म्हणजे फ्लायव्हीलसाठी १२ मिमीची चकती सुमारे १८५ ग्रॅम. कापायला वर तीन-चार मिमी जास्त मागा, बँडसॉ सरळ कापेलच असं नाही. पितळेला पोलादाच्या १.०८ पट धरा. १६ x १६ चा १०० मिमी तुकडा सुमारे २१८ ग्रॅम भरतो. ‘चार सूत’ (अर्धा इंच) म्हणून मागितलेला बार १२.७ आहे की १२, हे तिथेच व्हर्निअरने बघा.

पोलाद ब्राइट बार घ्या, काळा बार नको. काळ्या बारवर पापुद्रा असतो आणि माप भरवशाचं नसतं. ईएन१ए ग्रेडचा मिळाला तर लोण्यासारखा कापतो. ३०४ स्टेनलेस पहिल्या कामाला टाळा, टूल थोडं घासलं की पृष्ठभाग कडक होतो. खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचे तुकडेही नकोत, चिकट असतात आणि टूलवर थर चढतो. शाफ्टला ५ मिमीचं सिल्व्हर स्टील (हे पोलादच, चांदी नाही), ते ग्राइंड होऊनच येतं. सिलिंडर पितळी आणि पिस्टन पोलादी ही जोडी चांगली, कारण तापल्यावर पितळ जास्त फुगतं आणि फट किंचित वाढते. उलट जोडी केली तर गरम होताच जाम होते. पुढे वाफेवर चालवायचं असेल तर पोलाद गंजतं, तेव्हा पिस्टन ब्राँझचा करा.

फ्रेम आणि सिलिंडरचे एकमेकांवर घासणारे चेहरे सपाट हवेत. १० मिमी फ्लोट ग्लासच्या तुकड्यावर वॉटर पेपर, थोडं केरोसिन, ४०० पासून ८०० आणि मग १२००. आठच्या आकड्यात फिरवा. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट वापरू नका, तिचे कण पितळेत रुततात आणि नंतर कायम घासत राहतात.

पिव्हटवरची स्प्रिंग मऊ असावी. बॉलपेनची स्प्रिंग एक बार दाबापर्यंत चालते. बॉयलर सध्या विसरा, गाडीच्या टायरच्या कंप्रेसरने १ बार, म्हणजे सुमारे १५ पीएसआय हवा द्या. आधी पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब. हवा चेहऱ्यांच्या मधून सुटत असेल तर पुन्हा वॉटर पेपर. डेड सेंटरला सुटत असेल तर पोर्ट जवळ आलेत किंवा मोठे झालेत. एकाच जागी अडकत असेल तर हवा बंद करून फ्लायव्हील हाताने फिरवा: जड जागा क्रँकच्या ठरावीक कोनावर येत असेल तर क्रँकपिन तिरकी आहे, सगळीकडे सारखं जड असेल तर शाफ्टचं भोक किंवा पिस्टन घट्ट आहे. आणि इंजिन उलट्या दिशेने धावायला लागलं तर काही बिघडलेलं नाही. हवेची नळी दुसऱ्या पोर्टला लावा.