प्रभाग समितीने पोलिसांना काय विचारावे?

महापालिकेच्या प्रभाग समितीत पाण्याचा दाब, तुंबलेली चेंबर आणि न उचललेला कचरा यांवर तासन्‌तास चर्चा होते. मात्र त्याच प्रभागात रात्रीची गस्त किती वेळा होते, पोलीस चौकीला संध्याकाळनंतर कुलूप का असते आणि मंगळसूत्र हिसकावण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा एकाच रस्त्यावर का घडतात, हे पोलिसांना विचारून उत्तर मिळवण्याचा अधिकार त्या समितीला नाही. वरिष्ठ निरीक्षक बैठकीला आले तर तो त्यांचा चांगुलपणा, आणि न आले तर त्यांना जाब विचारण्याची सोय नाही. ही उणीव वाटते त्याहून मोठी आहे, असे गेली काही वर्षे आमच्या भागातील बैठकांना जाऊन माझे मत झाले आहे.

कायद्याची रचना मुळातच तशी आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे तिन्ही विषय राज्य सूचीत आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची जोडली आणि तीत १८ विषय दिले; त्यांत रस्त्यावरचे दिवे आहेत, वाहनतळ आहेत, बसथांबे आहेत, झोपडपट्टी सुधारणा आहे, पण पोलीस नाहीत. त्याच दुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरवल्या, तरी आपल्याकडे त्यांचे काम पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता अशा नागरी सेवांच्या तक्रारींपुरतेच राहिले. पोलीस आयुक्त उत्तरदायी असतात ते पोलीस महासंचालकांना आणि गृह विभागाला. त्यामुळे एखाद्या गल्लीतील गस्तीचा प्रश्न लोकप्रतिनिधीमार्फत विचारायचाच असेल, तर तो आमदारांच्या तारांकित प्रश्नातून किंवा लक्षवेधी सूचनेतून विधानभवनात न्यावा लागतो, आणि हिवाळी अधिवेशन चालू असेल तर थेट नागपूरला.

एके काळी हे नाते निराळे होते, निदान पैशाच्या बाबतीत. मुंबई महापालिकेला शहराच्या पोलिसांच्या खर्चाचा भार उचलावा लागत असे, आणि पोलिसांवर मात्र तिचा ताबा नसे. हा वाद बरीच वर्षे चालला. अखेर १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदतीची जबाबदारी महापालिकेकडे आली. खर्चाचा तंटा मिटला, पण ज्यांच्या भागात पोलीस काम करतात त्यांच्या निवडून दिलेल्या संस्थेने पोलिसांना काय विचारावे, हा प्रश्न त्या व्यवहारात अनुत्तरित राहिला तो राहिलाच.

प्रत्यक्षात गुन्हा घडण्याची जागा या दोन खात्यांच्या मधल्या फटीत असते. आमच्याकडे भाजी मंडईच्या मागून जाणारा एक बोळ आहे. तेथील तीन खांबांपैकी दोन खांबांवरचे दिवे कित्येक महिने बंद होते, तिसऱ्याचा उजेड फांद्यांत अडकत होता, आणि रात्री मंडई आवरून घरी जाणाऱ्या बायका एकमेकींची वाट पाहून घोळक्याने निघत होत्या. विद्युत विभागाचे म्हणणे असे, की निविदा मंजूर झाल्यावर दिवे लागतील, तोवर पोलिसांनी गस्त वाढवावी. पोलिसांचे म्हणणे असे, की अंधारात बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा पोलीस, तरी काय करणार, आधी दिवे लावा. दोन्ही उत्तरे लेखी होती, दोन्हींवर जावक क्रमांक होता आणि दोन्ही आपापल्या जागी खरी होती. ती दोन पत्रे एका टेबलावर ठेवून दोघांनाही एकाच वेळी प्रश्न विचारू शकेल, असा एकही अधिकृत मंच शहरात नव्हता.

यावर कोणी म्हणेल की शांतता समिती आहे, मोहल्ला समिती आहे, महिला दक्षता समिती आहे. त्या आहेत, आणि गणेशोत्सव, मोहरम, ईद या दिवसांत त्यांचा उपयोगही होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या समित्यांवर कोण बसणार हे पोलीस ठाणे ठरवते. बैठक ठाण्यात होते, विषय ठाण्याचे असतात, मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ सांगून झाली की चहा येतो, आणि इतिवृत्तात ‘उपस्थितांनी सहकार्याचे आश्वासन दिले’ हे वाक्य दरवर्षी त्याच जागी असते. पोलिसांनी निवडलेली माणसे पोलिसांना मदत करू शकतात. त्यांच्याकडून पोलिसांच्या कामावर देखरेखीची अपेक्षा करणे मात्र त्या माणसांवरही अन्याय करण्यासारखे आहे.

भिवंडीचे उदाहरण या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात १९८८ मध्ये उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले. हा अनुभव मोलाचा आहे आणि त्याचे श्रेय कमी करण्याची माझी इच्छा नाही. पण त्याच भिवंडीत २००६ च्या जुलैमध्ये नव्या पोलीस ठाण्याच्या इमारतीच्या जागेवरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपाई प्राणाला मुकले. ठाणे कोठे बांधावे, त्या जागेवर कोणाचा हक्क आहे, पर्यायी भूखंड आहे का, हे तर सरळसरळ स्थानिक नियोजनाचे प्रश्न होत. चांगल्या अधिकाऱ्याच्या कर्तृत्वावर उभी राहिलेली व्यवस्था कायद्यात रुजली नाही, तर तिचे भवितव्य बदलीच्या आदेशावर अवलंबून राहते, असे मी यातून समजतो.

गावांकडे चित्र किंचित वेगळे आहे. पोलीस पाटील हा १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला, त्याच गावात राहणारा माणूस असतो. पण त्याची नेमणूक महसूल प्रशासन करते आणि ग्रामसभेला तो उत्तरदायी नसतो. २००७ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने मात्र समिती निवडण्याचे काम ग्रामसभेला दिले, आणि हा फरक महत्त्वाचा होता. बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे कितीतरी तंटे त्यामुळे कोर्टाबाहेर मिटले. सासरी मारहाण होणाऱ्या सुनेची तक्रारसुद्धा ‘मिटवण्याच्या’ यादीत जाण्याचा धोकाही त्यातच होता, आणि तंटामुक्त ठरणाऱ्या गावाला मिळणाऱ्या बक्षिसावर डोळा असला की तो वाढतो.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाचे उत्तर कायद्याने देण्याचा प्रयत्न झाला. तेथील १९९८ च्या कायद्याने गुन्हे रोखण्याची जबाबदारी पोलीस आणि स्थानिक कौन्सिल या दोघांवर एकत्र टाकली, आणि कौन्सिलने आपले प्रत्येक काम करताना, मग ते दिव्यांचे असो वा बागेचे, त्याचा गुन्ह्यांवर काय परिणाम होईल याचा विचार करावा असे बंधन घातले. २००६ च्या कायद्याने या संयुक्त कामाची छाननी करणारी समिती प्रत्येक कौन्सिलला आवश्यक ठरवली. त्याखेरीज २०१२ पासून पोलीस दलांवर थेट निवडून आलेला आयुक्त आला. तो प्रयोग मात्र फारसा मुरला नाही आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तेथील सरकारने हे पद रद्द करण्याचे जाहीर केले. आपल्याला त्यातले निवडून आलेले आयुक्त नकोत. छाननी समिती उचलण्याजोगी आहे.

आता मुख्य आक्षेप, जो मलाही खरा वाटतो. नगरसेवकाच्या हाती पोलिसांना प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला, तर तो पहिला प्रश्न आपल्या कार्यकर्त्यावरच्या गुन्ह्याबद्दल विचारील. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात जे निर्देश दिले, त्यांचा रोख पोलिसांना राजकीय हस्तक्षेपापासून वाचवण्याकडेच होता, आणि त्यातून आलेली पोलीस तक्रार प्राधिकरणे कोठडीतील मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी अशा गंभीर गैरवर्तनासाठी आहेत. चौकी बंद का, हे तेथे विचारता येत नाही. म्हणून प्रभाग समितीच्या अधिकाराला स्पष्ट कुंपण हवे. कोणताही दाखल गुन्हा, कोणताही तपास, कोणाची बदली वा नेमणूक हे विषय तिच्यासमोर येऊच नयेत. गस्तीच्या वेळा, चौकीत मंजूर आणि हजर असलेले मनुष्यबळ, ११२ वर फोन केल्यावर पोलीस पोहोचायला लागणारा वेळ, रस्तानिहाय घटनांची संख्या, बंद पडलेले कॅमेरे आणि अंधाऱ्या जागा एवढेच तिने विचारावे. प्रश्न लेखी असावेत, उत्तरे लेखी असावीत, आणि दोन्ही प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावीत, म्हणजे नगरसेवकानेही काय विचारले हे लोकांना दिसेल.

पोलीस आणि महापालिका एका टेबलावर बसूच शकत नाहीत, असेही नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील शहर समितीत महापालिका आयुक्त अध्यक्ष असतात, पोलीस व वाहतूक पोलीस सदस्य असतात आणि किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या असतात. हातगाडी कोठे उभी राहावी यासाठी जी रचना संसदेला सुचली, ती अंधाऱ्या बोळासाठी अशक्य का असावी? २०२२ पासून जवळपास चार वर्षे राज्यातील बहुतेक महापालिकांत प्रशासकच होते, तेव्हा विचारणारेच कोणी नव्हते. आता २०२६ च्या जानेवारीत निवडणुका होऊन सभागृहे भरू लागली आहेत. कायद्यात बदल राज्य शासनालाच करावा लागेल, परंतु तशी मागणी करणारा ठराव करून शासनाकडे पाठवणे आणि तोवर दर तिमाहीला ठाण्याच्या निरीक्षकांना लेखी विषयपत्रिकेसह प्रभाग समितीत निमंत्रित करणे, या दोन गोष्टींसाठी सभागृहाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. निमंत्रणाला उत्तर आले नाही, तर तेही इतिवृत्तात नोंदवता येते.